शिपाई क्रमांक ९१ : स्वीडनचे जुने लष्करी विनोदपट समजून घेताना

स्वीडनमध्ये १९३० पासून पुढची जवळजवळ तीस वर्षे एका ठरावीक वळणाचे विनोदी चित्रपट सातत्याने निघत राहिले. गणवेश अंगावर नीट न बसणारा एखादा नवखा शिपाई, त्याच्यावर सदैव ओरडणारा हवालदार, स्वभावाने मऊ पण भोवतालचे भान नसलेला कर्नल, बराकीच्या उपाहारगृहातली हजरजबाबी मुलगी, सुट्टीच्या दिवशी गणवेशांच्या अदलाबदलीतून झालेला घोटाळा आणि शेवटी सर्वांची दिलजमाई, एवढ्या सामग्रीवर हे चित्रपट उभे राहत. तिथे या प्रकाराला ‘मिलिटेरफार्स’, म्हणजे लष्करी प्रहसन, असे म्हणतात. समीक्षकांनी या चित्रपटांना सुमार ठरवले, प्रेक्षकांनी मात्र त्यांच्यावर मनापासून प्रेम केले, आणि या दोन प्रतिक्रियांमधले अंतर समजून घ्यायचे असेल तर चित्रपटगृहातून बाहेर पडून त्या देशाच्या सैन्यभरतीच्या कायद्यापर्यंत जावे लागते.

मराठी वाचकाला इथे एक अडचण येते. भारतात सैन्यात जाणे ऐच्छिक आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगेसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून मुले सैन्यात गेली ती स्वतःच्या आणि कुटुंबाच्या इच्छेने, आणि त्यामुळे त्या गणवेशाभोवती आपल्याकडे अभिमानाची दाट भावना आहे. अशा मनाने पाहिले तर कवायतीत सतत चुकणाऱ्या शिपायावर रचलेला विनोद खटकू शकतो. स्वीडनमधला तो शिपाई मात्र सैन्यात स्वतःहून गेलेला नसतो. तो दुकानातला कारकून, शेतकऱ्याचा मुलगा किंवा रेल्वेतला कर्मचारी असतो. सरकारने त्याला काही महिन्यांसाठी बोलावून घेतलेले असते आणि मुदत संपली की तो आपल्या कामावर परत जाणार असतो. या चित्रपटांचा सगळा विनोद एकाच माणसातल्या नागरिक आणि शिपाई या दोन भूमिकांच्या ओढाताणीतून निर्माण होतो, आणि मला तरी त्यांचे खरे मोल तिथेच दिसते.

सक्ती आली कशी

सतराव्या शतकाच्या अखेरीस अकराव्या कार्ल राजाने स्वीडनमध्ये सैन्याची एक वेगळीच व्यवस्था बसवली होती. काही शेतघरांचा मिळून एक गट केला जाई आणि त्या गटाने मिळून एका शिपायाला पोसायचे असे. त्याला राहायला छोटे घर आणि कसायला थोडी जमीन मिळे, शांततेच्या काळात तो शेती करी आणि बोलावणे आले की पलटणीत हजर होई. त्याला ओरडून हाक मारायला सोपे असे एखादे आखूड नावही दिले जाई, आणि आज स्वीडनमधल्या अनेक आडनावांचा उगम अशा शिपाईनावांत सापडतो. ही व्यवस्था दोन शतकांहून अधिक काळ टिकली. शिपाई होणे हा त्या काळात गावातल्या एका माणसाचा व्यवसाय होता आणि बाकीच्या गावकऱ्यांचा त्याच्याशी संबंध मुख्यतः त्याला पोसण्यापुरता होता. १८१२ पासून तरुणांना थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणासाठी बोलावण्याची पद्धत सुरू झाली होती, तरी सैन्याचा कणा हा पोसलेला शिपाईच राहिला.

१९०१ मध्ये संसदेने ही व्यवस्था मोडीत काढून सर्वसाधारण सक्तीची सैनिकसेवा लागू केली. पायदळासाठी सेवेचा कालावधी सुमारे ८ महिने ठरला आणि इतर दलांसाठी तो अधिक होता. शारीरिकदृष्ट्या पात्र असलेल्या प्रत्येक तरुणाला, मग तो जमीनदाराचा असो वा शेतमजुराचा, एकाच खोलीत, एकाच प्रकारच्या गादीवर झोपावे लागणार होते. त्याच काळात मताधिकाराची चळवळ जोरात होती, आणि ‘एक माणूस, एक बंदूक, एक मत’ ही तिची घोषणा होती. देशासाठी बंदूक उचलायला लावता, तर देशाच्या कारभारात मतही द्या, असा तिचा सरळ अर्थ होता. १९०९ च्या सुधारणेने पुरुषांना व्यापक मताधिकार दिला तेव्हा सैनिकसेवेचे कर्तव्य पार पाडलेले असणे ही त्याची एक अटही होती. लष्करी बराक आणि मतपेटी यांचे नाते इतके जवळचे असलेल्या समाजात शिपाई हा विषय साऱ्या नागरिकांचा होऊन बसतो, ही गोष्ट पुढचे सगळे समजण्यासाठी ध्यानात ठेवावी.

सैन्यावर सर्वांचे एकमत मात्र कधीच नव्हते. १९१४ मध्ये संरक्षणखर्चाच्या प्रश्नावर राजा पाचवा गुस्ताव आणि निवडून आलेले सरकार यांच्यात उघड संघर्ष झाला. १९२५ मध्ये सैन्यात मोठी कपात करून कित्येक पलटणी बंद करण्यात आल्या. मे १९३१ मध्ये उत्तरेकडच्या ओदालेन भागात संपकरी कामगारांच्या मोर्चावर सैनिकांनी गोळीबार केला आणि त्यात ५ जण मृत्युमुखी पडले. ही घटना स्वीडनच्या कामगार चळवळीच्या स्मरणातून आजही गेलेली नाही. नेमक्या याच वर्षांत पडद्यावर भाबडे, गोंधळलेले, कोणालाही इजा करू न शकणारे शिपाई दिसू लागले होते. चित्रपट बनवणाऱ्यांनी हा मेळ हेतुपुरस्सर घातला असे मी म्हणणार नाही, परंतु ज्या प्रेक्षकांनी वर्तमानपत्रात ओदालेनची बातमी वाचली त्यांच्यापैकीच कित्येकांनी हे चित्रपट पाहिले, आणि गणवेशातला माणूस आपल्यातलाच आहे हा दिलासा त्यांना या विनोदातून मिळत असला पाहिजे, असे मला वाटते.

बोलपट आणि आरोळी

१९३० मध्ये गुस्ताफ एडग्रेन दिग्दर्शित ‘क्रोनान्स कावालिएरेर’ हा चित्रपट आला. वार्मलांड प्रांतातला ग्रामीण भोळेपणा रंगवणारे लोकप्रिय विनोदी नट फ्रीडोल्फ रूदीन त्यात प्रमुख भूमिकेत होते. स्वीडनमध्ये बोलपट तेव्हा नुकताच आला होता, आणि लष्करी प्रहसनाला बोलपटाइतके साह्य दुसऱ्या कशानेच केले नसते. मूकपटात हवालदाराची आरोळी दिसते, ऐकू येत नाही. ध्वनी आल्यावर हुकूम, त्याला उत्तर देताना अडखळणारा शिपाई, शहरी आणि ग्रामीण बोलींमधला फरक आणि कूच करताना गायचे गाणे, या चारही गोष्टी एकदम हाताशी आल्या. त्या काळी तिथे सैन्यात वरिष्ठाला त्याच्या हुद्द्याने संबोधावे लागे, आणि ‘तू’ म्हणण्याची मोकळीक समाजातही आजच्यासारखी नव्हती. घाबरलेला शिपाई एकाच वाक्यात तीन वेळा हुद्दा उच्चारतो आणि चौथ्या वेळी चुकीचा हुद्दा म्हणून बसतो, असा विनोद आवाजाशिवाय होऊच शकत नाही.

या चित्रपटांच्या नावांत आकडे फार येतात. आन्देर्स हेन्रिक्सन यांच्या १९३६ च्या एका चित्रपटाचे नाव मराठीत सांगायचे तर ‘६५, ६६ आणि मी’ असे आहे. यामागे बराकीतली साधी रीत आहे: भरती झालेल्या प्रत्येक तरुणाला हजेरीपटावरचा एक क्रमांक मिळे आणि त्याला त्या क्रमांकाने हाक मारली जाई. घरी, कारखान्यात आणि चर्चमध्ये नावाने ओळखला जाणारा माणूस इथे आकडा होतो. त्या आकड्याला पुन्हा माणूस करणे, त्याला प्रेयसी, खोड्या आणि मित्र देणे, हे काम विनोदी चित्रपटांनी केले. सक्तीची सेवा केलेल्या प्रत्येक प्रेक्षकाला स्वतःचा आकडा आठवत असणार, त्यामुळे त्याला हे नाव वाचूनच निम्मी गोष्ट कळत असे.

युद्धाच्या वर्षांत

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा पेर आल्बीन हान्सन यांच्या सरकारने तटस्थता जाहीर केली. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर आक्रमण केले आणि स्वीडन तीन बाजूंनी युद्धाने वेढले गेले. मोठ्या संख्येने पुरुषांना पुन्हा पुन्हा सीमेवर बोलावले गेले. ते कुठे तैनात आहेत हे सांगण्यास बंदी असल्याने ‘स्वीडनमध्ये कुठेतरी’ हा शब्दप्रयोग घरोघरी रूढ झाला. महिनोन्‌महिने ते जंगलात, बर्फात, खंदकात पहारा देत राहिले, आणि शत्रू आला नाही. देश वाचला, पण त्यासाठी सरकारने १९४० पासून तीन वर्षे जर्मन सैनिकांना स्वीडिश रेल्वेतून ये-जा करू दिली, ही वेदनादायक बाबही याच काळातली आहे.

अशा वेळी लष्करी विनोदपटांवर एक नवीन जबाबदारी येऊन पडली. सीमेवर ताटकळणाऱ्या पुरुषांच्या आणि घरी वाट पाहणाऱ्या स्त्रियांच्या मनावरचे ओझे हलके करायचे होते. १९३९ च्या वेय्लर हिल्देब्रान्द दिग्दर्शित ‘लान्दस्तोर्मेन्स लिला लोटा’ या चित्रपटात सिक्कान कार्लसन या लोकप्रिय अभिनेत्रीने नायिका रंगवली. ‘लोटा’ म्हणजे १९२४ पासून संघटित झालेली, सैन्याला स्वयंपाक, संदेशवहन अशा कामांत साह्य करणारी स्वयंसेविका. १९४० मध्ये सिगुर्द वालेन यांच्या दिग्दर्शनाखाली सज्जतेच्या काळातल्या शिपायांवरचा ‘बेरेदस्काप्सपोइकार’ आला. हासे एकमान यांच्या १९४१ च्या ‘फर्स्टा दिविशूनेन’ सारखे हवाईदलावरचे गंभीर चित्रपटही याच वेळी निघाले, म्हणजे विनोद हा एकमेव मार्ग नव्हता.

युद्धकाळातल्या विनोदपटांत एक मोठी उणीव लगेच नजरेत भरते: त्यांत शत्रूला चेहरा नाही. तटस्थतेचे धोरण असल्यामुळे कोणत्याही देशाला दुखावणारे चित्र पडद्यावर आणणे अवघड होते. चार्ली चॅप्लिन यांचा हिटलरवरचा प्रसिद्ध विनोदपट स्वीडनमध्ये १९४५ पर्यंत दाखवला गेला नाही. आणखी मागे जाऊन पाहिले तर स्वीडनने शेवटचे युद्ध १८१४ मध्ये लढले होते. शंभराहून अधिक वर्षे ज्या सैन्याने लढाई केली नाही त्याच्यावरच्या गोष्टीत संघर्ष बाहेरून येणार नाही, तो बराकीच्या आतच शोधावा लागेल. म्हणून या चित्रपटांत शत्रूची जागा हवालदार घेतो. तो वाईट माणूस नसतो. शेवटी तोही शिपायाच्या लग्नात हजर असतो. त्याच्याविरुद्धचे युद्ध कोणालाही जखमी न करता जिंकता येते.

क्रमांक ९१ आणि बुम

युद्ध संपल्यावर या प्रकारातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या व्यक्तिरेखा पडद्यावर आल्या, आणि त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे.

पहिली व्यक्तिरेखा मूळची चित्रकथेतली. रुदोल्फ पेतेर्सन या चित्रकाराने १९३२ मध्ये ‘आल्ट फर आल्ला’ या साप्ताहिकात शिपाई क्रमांक ९१ मान्देल कार्लसन याची चित्रमालिका सुरू केली. पेतेर्सन यांनी स्वतः हाल्म्स्ताद या शहरातल्या पलटणीत सैनिकसेवा केली होती, आणि मालिकेतले काल्पनिक गाव त्यावरच बेतलेले आहे. कार्लसन स्वच्छ मनाचा, कष्टाळू, पण सरळपणामुळे अडचणीत येणारा खेडवळ तरुण आहे. त्याच्या जोडीला क्रमांक ८७, आक्सेलसन, हा चलाख आणि स्वतःवर खूश असलेला सोबती आहे. दोघांचे एल्विरा नावाच्या एकाच मुलीवर मन बसलेले आहे. वर कॉर्पोरल रेव्हेर आणि कर्नल युलेनस्काल्प आहेत. मालिकेतल्या शिपायांच्या अंगावर जुन्या काळचा निळा गणवेश राहिला, आणि त्यामुळे ती गोष्ट कोणत्याही एका दशकात अडकली नाही. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना तो शिपाई आपल्याच काळातला वाटला.

१९४६ मध्ये हूगो बोलान्दर यांनी या मालिकेवर चित्रपट काढला. गुस दालस्त्रम आणि होल्गेर हग्लुंद ही रंगमंचावर आधीपासून गाजलेली विनोदी जोडी अनुक्रमे ९१ आणि ८७ या भूमिकांत होती. पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला आणि १९५० च्या दशकात आणखी काही भाग निघाले. यातला पहिला चित्रपट मला या प्रकाराचा नमुना म्हणून सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण त्यातला विनोद या जोडीच्या मैत्रीवर उभा आहे. ८७ हा ९१ ला फसवतो, त्याच्या वाटणीचे श्रेय घेतो, आणि तरीही रात्री दोघे शेजारच्या खाटांवर झोपतात. बाहेरच्या जगात या दोघांची कदाचित गाठही पडली नसती. एरवी न भेटणाऱ्यांना एका छपराखाली आणणे हे सक्तीच्या सेवेचे खरे सामाजिक काम होते, आणि चित्रपटाने ते कोणतेही भाषण न करता दाखवले.

दुसरी व्यक्तिरेखा १९४८ च्या ‘सोलदात बुम’ या चित्रपटातली. दिग्दर्शक लार्स-एरिक शेल्ग्रेन आणि प्रमुख भूमिकेत निल्स पॉपे. फाबियान बुम हा रेल्वेतला काटेकोर, नियमांवर निस्सीम श्रद्धा असलेला कर्मचारी सैन्यात येतो, आणि इथे या प्रकारचे नेहमीचे गणित पूर्ण उलटे होते. तोवरचा विनोदी शिपाई नियम मोडून गोंधळ घाले. बुम नियम पाळून गोंधळ घालतो.

हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण कोणत्याही मोठ्या संस्थेचे मर्म त्यात आहे. छापील नियमावलीत असलेला प्रत्येक नियम कोणीही रोज पाळत नाही. कोणता नियम कधी सैल सोडायचा याची एक न लिहिलेली समज वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यात असते, आणि त्या समजुतीवरच कामे वेळेत होतात. ही समज ज्याला नाही असा माणूस आत आला की तो प्रत्येक हुकूम शब्दशः अमलात आणतो. वरिष्ठाला राग येतो, पण शिक्षा देता येत नाही, कारण शिक्षा द्यावी तर स्वतःच्याच हुकुमाला चूक म्हणावे लागते. बुमची निष्ठा संपूर्ण प्रामाणिक आहे, त्याच्या मनात बंडाचा लवलेश नाही, आणि त्या प्रामाणिकपणामुळेच त्याच्यापुढे हवालदार हतबल होतो. निल्स पॉपे यांची लहानखुरी, चपळ शरीरयष्टी आणि ताठ उभे राहण्याची पराकाष्ठा यांमुळे हा विनोद शब्दांच्या पलीकडे जातो. त्यांची सलामी पाहण्याजोगी आहे: ती नियमाप्रमाणे अगदी अचूक असते आणि त्या अचूकपणातच तिचे हसू असते.

चित्रपटाला मोठे यश मिळाले आणि बुमवर पुढे आणखी चित्रपट निघाले: १९४९, १९५१, १९५२ आणि १९५३ मध्ये. त्यांतल्या एकात तो जकात खात्यात जातो, एकात हवाईदलात. रेल्वे, भूदल, जकात, हवाईदल अशी सरकारी खात्यांची जणू रांगच त्याने पार केली. स्वीडनमध्ये कल्याणकारी राज्याची उभारणी होत होती, नागरिकाच्या आयुष्यात सरकारी नियमांचे स्थान वाढत होते, आणि त्याच वर्षांत नियमांवर जीव टाकणारा हा छोटा माणूस देशाचा सर्वांत लाडका विनोदी नायक झाला. हेच पॉपे १९५७ मध्ये इंगमार बर्गमन यांच्या ‘द सेव्हन्थ सील’ मध्ये योफ या फिरत्या खेळियाच्या भूमिकेत दिसले. मृत्यूशी बुद्धिबळ खेळणाऱ्या सरदाराच्या त्या गंभीर चित्रपटात, भाबडेपणामुळे दृष्टान्त पाहू शकणारा आणि अखेर वाचणारा माणूस म्हणून बर्गमन यांनी एका प्रहसनातल्या नटाची निवड केली, ही निवड मला फार बोलकी वाटते.

समीक्षकांचा राग

१९३० च्या दशकातल्या हलक्याफुलक्या स्वीडिश विनोदपटांना बिअरच्या एका प्रकारावरून ‘पिल्स्नेरफिल्म’ असे हिणवून म्हटले जाई, आणि लष्करी प्रहसनांची गणना त्यांतच होई. फेब्रुवारी १९३७ मध्ये स्टॉकहोमच्या कॉन्सर्ट हाउसमध्ये लेखकांच्या पुढाकाराने एक मोठी निषेधसभा भरली. स्वीडिश चित्रपट ही संस्कृती आहे की संस्कृतीवरचे संकट, असा तिचा विषय होता. तोर मुदेन या गलेलठ्ठ, गडगडाटी आवाजाच्या नटाचा ‘पेन्शुनात पारादीसेत’ हा विनोदपट त्या रोषाचे ताजे निमित्त ठरला होता.

त्या सभेतल्या तक्रारींत तथ्य होते. कथानके एकाच साच्यातून काढलेली असत, स्त्रियांच्या वाट्याला प्रेमात पडण्यापलीकडे फारसे काही येत नसे, आणि सैन्यातल्या खऱ्या छळाला, नैतिक कारणांनी शस्त्र नाकारणाऱ्या तरुणांच्या प्रश्नाला त्यांत जागा नव्हती. शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी १९२० पासून स्वतंत्र कायदा होता, म्हणजे प्रश्न अज्ञात नव्हता. हे सगळे मान्य करूनही मला त्या समीक्षकांचा निष्कर्ष अपुरा वाटतो. त्यांनी चित्रपट कलाकृती म्हणून तपासले, परंतु सक्तीने एकत्र आणलेल्या पुरुषांचा समाज आपल्या सामायिक अनुभवाविषयी कसा बोलतो याचा पुरावा म्हणून ते पाहिले नाहीत. बराकीतल्या खाटांची मांडणी, तपासणीच्या वेळी कपाटातले कपडे ठेवण्याची रीत, सेवा संपण्याच्या दिवसाची आतुरता हे तपशील गंभीर साहित्यात क्वचित येतात आणि या प्रहसनांत मात्र सहज सापडतात.

ओहोटी

१९५६ मध्ये स्वीडनमध्ये चित्रपटगृहांची सुमारे ८ कोटी तिकिटे विकली गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा पाऊण कोटीच्या आत होती. त्याच वर्षी दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले आणि प्रेक्षक झपाट्याने घरी बसू लागला. साठच्या दशकात हुद्द्याने संबोधण्याची पद्धत समाजातून गेली आणि ज्या अंतरावर जुना विनोद उभा होता ते अंतरच कमी झाले. १९७९ मध्ये लासे ओबेरी यांच्या ‘रेपमोनाद’ने हा प्रकार पुन्हा हाताळला, पण त्यात नवखे तरुण नव्हते. सेवा झालेल्या पुरुषांना काही वर्षांनी पुन्हा सरावासाठी बोलावले जाते, आणि पोट सुटलेले, संसारात रुळलेले ते पुरुष बराकीत येताच शाळकरी मुलांसारखे वागू लागतात, असा त्याचा विषय होता.

२०१० मध्ये स्वीडनने शांततेच्या काळातली सक्तीची सेवा स्थगित केली. रशियाच्या हालचालींमुळे परिस्थिती पालटली आणि २०१७ मध्ये सरकारने ती पुन्हा लागू केली, या वेळी पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही. मात्र आता प्रत्येक पिढीतल्या काही हजार तरुणांचीच निवड होते, त्यामुळे बराक हा सर्वांचा सामायिक अनुभव राहिलेला नाही, आणि १९४६ मधल्या प्रेक्षकाला जे न सांगता कळत असे ते आजच्या स्वीडिश तरुणालाही समजावून द्यावे लागते.

हे चित्रपट पाहण्याची इच्छा झाल्यास १९४६ चा क्रमांक ९१ वरचा चित्रपट आधी आणि ‘सोलदात बुम’ नंतर पाहावा; पहिल्यात या प्रकाराचे सर्व संकेत कळतात आणि दुसऱ्यात ते कसे उलटवले हे दिसते. पाहताना कोण ओरडतो आणि निर्णय कोण घेतो याकडे लक्ष द्यावे. ओरडणारा बहुतेक वेळा स्वतः खालच्याच घरातून वर आलेला कनिष्ठ अधिकारी असतो, तर निर्णय घेणारा कर्नल उमराव घराण्यातला आणि आवाज न चढवणारा असतो; शिपायाला हवालदाराची भीती वाटते, आणि कर्नलशी मात्र तो अखेरच्या प्रसंगात मोकळेपणाने बोलू शकतो.